नमुन्याचा कागद

“मॅडम, नारळ फोडायच्या आधी जरा हिकडं येताय का?” लोहारनानांनी आतल्या खोलीतून हाक दिली. “काँप्युटरवर काय तरी इंग्रजी आलंय. लाल अक्षरात.”

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. विट्याच्या कोर्टासमोरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात मी नुकतीच शिरत होते. आत गेले तर नाना एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन उभे. समोर गुरुवारी मांडलेली खंडेनवमीची पूजा जशीच्या तशी होती. कायद्याची जाडजूड पुस्तकं, शिक्क्यांची पेटी, स्टँप पॅड, फाइली शिवायचा नानांचा पंचवीस वर्षांचा टोचा, आणि कपाळावर हळदकुंकवाची बोटं उमटलेला काँप्युटर.

नाना माझे कारकून. आडनावानं लोहार आणि जातीनंही लोहार. त्यांच्या वाडवडिलांच्या घरी ऐरण पुजायचे. नानांच्या हातात हातोड्याच्या जागी फाइली आल्या, पण खंडेनवमी काही सुटली नाही. मांडलेली पूजा नारळ फुटल्याशिवाय हलवायची नाही, हा त्यांचा नियम हायकोर्टाच्या हुकमाहून पक्का. त्यामुळे चार दिवसांच्या सुटीत कुणी कशाला हात लावला नव्हता.

आम्ही लावला नव्हता, एवढंच. दुसऱ्या कुणीतरी चांगलाच लावला होता. मी मजकूर वाचला. ‘तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली हवी असेल तर तीन दिवसांत दीड हजार डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. नाही भरलेत तर हे कागद आम्ही सगळ्या जगाला वाचायला ठेवू. खात्री पटावी म्हणून तीन कागद नमुना म्हणून तुमच्या ईमेलवर पाठवले आहेत.’

“काय म्हणतोय?” नानांनी विचारलं.

“खंडणी मागतोय.”

“कोण?”

“ते कळलं असतं तर काय हवं होतं नाना!”

घरून काम करता यावं म्हणून बाहेरून काँप्युटरात शिरायची सोय मी करून घेतली होती, आणि पासवर्ड म्हणून माझंच नाव ठेवून पुढं एक-दोन-तीन लावलं होतं. चोराला कडी काढायचेही कष्ट पडले नसतील. तरी मला धीर होता. दर शुक्रवारी सगळ्या कागदांची नक्कल आम्ही हार्ड डिस्कच्या एका काळ्या डबीत उतरवून घ्यायचो आणि डबी लोखंडी कपाटात कुलपात ठेवायचो.

“नाना, कपाटातली डबी काढा.”

नाना जागचे हलले नाहीत. पूजेकडं बघत राहिले. पुस्तकांच्या आडोशाला ती डबी होती, तिच्यावरही कुंकू होतं, आणि तिची वायर काँप्युटरला जोडलेली होती. जोडलेली होती म्हणजे तीही कुलूपबंद झाली होती. वीस वर्षांचे कागद गेले होते.

“म्याच जोडली, पूजेला,” नाना म्हणाले. त्यांनी नारळ पूजेपुढं खाली ठेवला. “माझ्या हातनं झालं हे मॅडम.”

त्यावर मी काही बोलले नाही. का नाही बोलले ते पुढं येईलच.

फोनवर ईमेल उघडली. पहिला नमुना कुणाच्या तरी बांधाच्या भांडणाचा दावा. दुसरा एका दुकानाचा भाडेकरार. तिसरा उघडताच मी ओळखला. पिवळा पडलेला स्टँप पेपर, त्यावर टंकलेला इंग्रजी मजकूर, आणि तळाशी एक निळा अंगठा.

तो मालन जाधवांचा कागद होता. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, त्यासाठी माणसं पार केरळापर्यंत दुकानं टाकून बसतात. मालनताईंचे यजमान कोइम्बतूरला होते. मूलबाळ नव्हतं. तिथल्या एका विधवा बाईची पाच दिवसांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली, स्टँप पेपरवर रीतसर लिहून घेतलं, आणि वर्षभरानं गावी येऊन बारसं घातलं. मयूरी. गावाला वाटलं, त्यांचीच. खरं ठाऊक होतं ते एकट्या धाकट्या दिराला, संपतला. तो तेव्हा त्याच दुकानात कामाला होता.

यजमान वारल्यावर संपतनं रंग दाखवला. ‘अमुक द्या, नाहीतर पोरीला सांगतो.’ तेव्हा, म्हणजे या प्रसंगाच्या आठ वर्षं आधी, मालनताई तो कागद घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. मी नक्कल काढून घेतली आणि ठणकावून सांगितलं, “एक दाणा देऊ नका. एकदा दिलंत की दरवर्षी दारात येईल. मुलीला तुम्हीच सांगून टाका, मग त्याच्याकडं विकायला काही उरत नाही.” त्या मान डोलावून गेल्या. नंतर एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, मूळ कागद चुलीत घातला. “तुमच्यापाशी हाय न्हवं? मग झालं.”

आणि आता तुळशीच्या लग्नानंतर मयूरीचं लग्न ठरलं होतं.

खरं सांगायचं तर मी काय केलं? पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो या बिटकॉइनच्या भानगडीतला.

“मावशी, गुपचूप भर आणि मोकळी हो,” तो म्हणाला. “कुणाला कळणारसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत सोय करतो.”

“कर,” मी म्हणाले.

मालनताईंसाठी भरत होते असं मी मनाला सांगत होते, पण खरी भीती होती ती माझ्या नावाची. गावातले चारशे लोक आपल्या घरातली न सांगण्यासारखी गोष्ट मला सांगून निर्धास्त झोपतात. कपाट फुटलंय म्हटल्यावर उद्या माझ्या पायरीवर कोण चढणार?

तरी पाय पोलीस ठाण्याकडं वळले. सवयीनं म्हणा. इन्स्पेक्टर देवकाते ओळखीचे होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

“पैसे दिले का?”

“अजून नाही.”

“मग खंडणी कुठं झाली मॅडम? आमच्या मराठी पुस्तकात तिला बलाद्ग्रहण म्हणतात. धमकी एकानं द्यायची, आणि भीतीपोटी दुसऱ्यानं हातानं काढून द्यायचं, तेव्हा गुन्हा पुरा होतो. तोवर नुसता प्रयत्न. तुम्हाला मी काय कायदा शिकवणार.”

“काँप्युटरचा गुन्हा तर झालाच की.”

“तो झाला. त्याचा तपास मलाच करावा लागणार, इन्स्पेक्टरच्या खालचा चालत नाही. पण धमकी वेगळी. ती पुरी करायची की अर्धवट ठेवायची, ते तुमच्या हातात आहे.”

“देणाऱ्यावर गुन्हा नाही ना?”

देवकात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “नाही,” ते म्हणाले. “देणाऱ्यावर नाही.”

मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत मी कितीजणांना याच टेबलापुढं आणून बसवलं होतं, देऊ नका, तक्रार करा म्हणून. तक्रार दिली तर नमुन्याचे कागद जोडावे लागतील का, मी विचारलं. ते म्हणाले, लागतील. बाहेरच्या बाकावर स्थानिक पेपरचा वार्ताहर नेहमीसारखा पाय पसरून बसला होता. “उद्या येते,” म्हणून मी उठले.

कागद माझ्याकडं होता, पण माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, एवढं मात्र ठरवलं आणि गाडी मालनताईंच्या मळ्याकडं घेतली.

त्या पडवीत लग्नाचा गहू निवडत बसल्या होत्या. “या या मॅडम! पत्रिका घिऊन मीच येणार व्हते की,” म्हणत त्यांनी सतरंजी झटकली. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांचा सुपावरचा हात थांबला.

“किती मागत्यात?”

“लाखभर.”

“निम्मं मी देते.”

“पैशाचं नाही ताई. कागद तुमचा आहे म्हणून विचारायला आले.”

आतल्या खोलीत मयूरीच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. विट्याला औषधांच्या दुकानात ती कामाला होती, सोमवार तिचा सुटीचा. मालनताईंनी आवाज खाली आणला.

“पैसं दिलं तर कागद माघारी देत्याल?”

“आपली प्रत उघडून देतील. बहुतेक.”

“आन् त्यांच्यापाशी हाय ती?”

“ती त्यांच्याकडंच राहणार. पुसून टाकली म्हणतील. खरं-खोटं कोण बघायला जातंय?”

त्यांनी सूप एकदा पाखडून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजी संपतभाऊजींवानीच की.”

“म्हणजे? तुम्ही मयूरीला तेव्हा सांगितलं नाही?”

“न्हाय.” त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. “जीभच रेटली न्हाय. दर साली विहिरीकडचा भुईमूग त्यांच्या घरी जातोय. पोरगी इचारती, आपला माल काकाच्या अंगणात का? मी म्हणते, मोठेपणा असतोय. आता म्हणत्यात, भाऊ न्हाय तर कन्यादान मी करणार. आन् त्याच्या आधी विहिरीकडचा तुकडा नावावर करा.”

आठ वर्षांपूर्वी मी काय सांगितलं होतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण सकाळी भाच्याला केलेला फोन आठवला आणि मी ते गिळलं.

“तुमी तवा मला म्हणाला व्हता, दिऊ नका,” मालनताईच म्हणाल्या. “तुमी काय ठरवलंय?”

खोटं बोलता आलं असतं. “सकाळीच भाच्याला पैसे भरायची सोय करायला सांगितलंय,” मी म्हणाले.

त्या एकदम हसल्या. “मग माझ्यावर का एवढ्या डाफरला व्हता तवा? मी दोन रात्री झोपले नव्हते तुमच्या भ्यानं.”

मलाही हसू आलं. दोघी बाया गव्हाच्या ढिगाशेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते हसू ओसरलं तेव्हा मालनताईंनी पदरानं तोंड पुसलं, सूप बाजूला सारलं आणि मोठ्यानं हाक मारली, “मयूरी! मशीन बंद कर आन् भाईर ये.”

“ताई, घाई नको. विचार करा,” मी म्हणाले.

“आठ वरसं तेच केलं की.”

मयूरी गळ्यात टेप अडकवून बाहेर आली. मला बघून हसली, आईशेजारी टेकली. मालनताईंनी तिचा हात हातात घेतला नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. सरळ म्हणाल्या, “पोरी, तू माझ्या पोटची न्हाईस. कोइम्बतूरास्नं आणलीय तुला. पाच दिसांची व्हतीस.”

मयूरी समोरच्या ढिगातले गहू चिमटीत धरून सोडत राहिली. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

“बाबांना माहीत होतं?”

“अगं, त्यांनीच आणलं तुला. गावाकडं येताना रेल्वेत दीड दिस मांडीवर घिऊन बसलं व्हतं. माझ्याकडं सुदीक दिली न्हाई. पाडशील म्हणलं.”

“आणखी कुणाला?”

“संपतकाकाला.”

“म्हणून भुईमूग,” मयूरी म्हणाली. मग ती माझ्याकडं वळली. “तुम्हालाही माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“आठ वर्षं.”

“दर आठवड्याला माझ्याकडनं गोळ्या नेत होता तुम्ही.”

गुपित राखणं हे माझं काम, हे उत्तर बरोबर होतं. पण ते तिथं बोलवेना.

“तिचं नाव काय होतं?” तिनं आईला विचारलं.

मालनताई पहिल्यांदाच गडबडल्या. “समदी अम्मा म्हणायची तिला. नाव कागदावर व्हतं. इंग्रजीत. मला कुठं वाचता येतंय? आन् तो कागद मी...” त्यांची नजर चुलीकडं गेली आणि इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. “जाळला गं मी. भ्याले म्हणून जाळला.”

मयूरीनं आईला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत म्हणाली, “मॅडम, तुमच्या काँप्युटरमध्ये आहे ना तो? मग भरा पैसे. माझे लग्नाचे दागिने आहेत, ते मोडते. पण तेवढा कागद सोडवून द्या मला.”

सकाळपासून तो कागद बाहेर येऊ नये म्हणून मी तडफडत होते. आता तो बाहेर यावा म्हणून ही पोर दागिने मोडायला निघाली होती.

“दागिने राहू देत,” मी म्हणाले. “त्यांनी पाठवलाय तो.”

मला भीती घालायला पाठवलेला तिसरा नमुना मी फोनवर उघडला आणि तिच्या हातात दिला. ती हळूहळू, ओठ हलवत वाचत गेली. “मुत्तुलक्ष्मी. वय वर्षं एकोणीस. नवरा मयत. सूतगिरणीत कामाला.” तिथं ती थांबली. “माझ्याहून लहान होती,” ती म्हणाली.

परतताना रस्त्यातच भाच्याला फोन करून सोय रद्द करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना बरोबर घेऊन ठाण्यात गेले. देवकाते स्वतः लिहून घ्यायला बसले. नमुने म्हणून दोनच कागद पुरेत, तिसऱ्याची नुसती नोंद करतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

“डिस्क काँप्युटरला कुणी जोडली?”

नानांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीच बोलले. “जोडली यांनी, पण माझ्या सांगण्यावरून. नाना काँप्युटर बंद करून पूजा मांडत होते. बंद यंत्राची कसली पूजा करताय, असं मी चेष्टेनं म्हणाले. चालू ठेवायला लावला, आणि ती डबीही जोडा, तिनं काय पाप केलंय, असंही म्हणाले, आणि विसरूनही गेले. तसंच लिहा.”

आदल्या दिवशी सकाळी नानांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला, याची बोच मला आजही आहे.

“खंडणी दिली?” देवकात्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“नाही.”

फाइली परत आल्या नाहीत, त्या कायमच्या गेल्या. चोर सापडला नाही. चारशे अशिलांना मी पत्रं लिहिली, तुमचे कागद माझ्या हलगर्जीनं परक्याच्या हाती गेलेत म्हणून. साठेक जण दुसऱ्या वकिलाकडं गेले. दोघांनी बार कौन्सिलकडं तक्रार केली, आणि ती रास्तच होती. आमचे कागद कुणी जगापुढं मांडले की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. मयूरीचं कन्यादान मालनताईंनी एकटीनं केलं. भटजी कुरकुरले, पण पोरगीच बोहल्यावरून म्हणाली, आई करणार नसेल तर मी उठते. संपतराव आले, पंगतीत जेवले, आणि त्या सालापासून भुईमूग मालनताईंच्याच अंगणात वाळायला लागला. मला पत्रिका आली नाही. मालनताईंनी निरोप धाडला होता, पोरगी अजून रागात हाय, जरा थांबा. मी थांबले. ती अजून गोळ्या देते, पण मॅडम म्हणत नाही.

सहा-सात वर्षं झाली. कुणी धमकावलेलं माणूस आलं की आता मी ठणकावत नाही. आधी पाणी देते. आणि दरवेळी मला तक्रार दिल्याच्या दिवशीची ती दुपार आठवते.

मयूरी एकटी ऑफिसात आली होती. “छापून द्या,” एवढंच म्हणाली. प्रिंटरवर कुणी कुलूप घातलेलं नव्हतं. कागद खरखरत बाहेर आला. नानांनी तो उचलून टेबलावर ठेवला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तळाशी एक अंगठा आणि शेजारी मोकळी जागा एवढंच त्यांनी बघितलं, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं स्टँप पॅड उघडून तिच्यापुढं सरकवलं.

“हितं, ताई. शेजारीच. जरा दाबून.”

मी थांबवणार होते. पण तिनं खरंच अंगठा पॅडवर टेकवला आणि मुत्तुलक्ष्मीच्या अंगठ्याशेजारी ठेवला. बराच वेळ दाबून धरला. उचलला तेव्हा दोन्ही ठसे एकमेकांना अगदी चिकटून आले होते.

“केसाला पुसा, निघतंय,” नाना म्हणाले. सगळ्यांना तेच सांगतात.

तिनं पुसला नाही. कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि मूठ मिटून बाहेर पडली. खिडकीतून मला समोरचा थांबा दिसत होता. एस.टी. आली, आणि चढताना तिनं दांडासुद्धा अंगठा बाजूला ठेवून नुसत्या चार बोटांनी धरला.